गार्मिशच्या उतारावरील अनोळखी मदतनीसांचे आभार

गेल्या महिन्यात जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्शेनच्या हाउसबर्ग या डोंगरावर स्कीइंग करताना माझा गुडघा मुरगळला. तेव्हा वरून येणाऱ्यांना धोका कळावा म्हणून आपल्या स्की माझ्या वरच्या बाजूला बर्फात फुलीसारख्या रोवून, स्वतःचे जाकीट माझ्या अंगावर घालून, बेर्गवाख्ट या पर्वतीय बचावदलाचे स्वयंसेवक घसरगाडी घेऊन येईपर्यंत जागचे न हललेल्या त्या दोघांची नावे विचारायचे राहूनच गेले, याची मला मनापासून खंत वाटते. सहाच दिवसांनी मला म्युनिकहून पुण्याला आईकडे निघायचे होते. रक्ताची गुठळी टाळणारी इंजेक्शने डॉक्टरांच्या पत्रासह हातातल्याच सामानात ठेवा, असे बजावणाऱ्या औषधाच्या दुकानातील बाईंची आणि माझी बॅग भरून देणाऱ्या शेजाऱ्यांचीही मी ऋणी आहे. हे पत्र आईच्या शेजारी बसून लिहीत आहे.