बेट उजाड करणारा तो मीच

संपादक साहेब,

गेम खेळून पोरं पर्यावरणप्रेमी होतात अशा अर्थाचा लेख तुमच्याकडे वाचला. मी पण गेमवालाच, त्यामुळे बरं वाटलं, पण आधी माझा पराक्रम ऐका.

२०२० ला 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' आला तेव्हा मी रात्ररात्र खेळायचो. स्वतःचं छोटंसं बेट, झाडं लावा, फुलांना पाणी घाला, सगळं कसं गोड गोड. मग कळलं की एक टॅरँटुला (मोठा केसाळ कोळी) पकडून विकला की ८००० बेल्स, म्हणजे गेममधले पैसे, मिळतात आणि डोकंच फिरलं, तिकीट काढून लांबच्या बेटावर जायचं, झाडं तोडायची, बुंधे उपटायचे, फुलं काढायची, दगड फोडायचे, म्हणजे बाकीच्या किड्यांना जागाच उरत नाही आणि नुसते टॅरँटुला येत राहतात. खिसा भरला की विमानात बसून परत. त्या बेटावर पुन्हा जाताच येत नाही, म्हणजे आपण काय करून ठेवलंय ते बघायची पण कटकट नाही! मी एकटाच नव्हतो हां, व्हिडिओ बघूनच शिकलो होतो.

याच गेमच्या २९ देशांतल्या ६४० खेळाडूंचा सर्व्हे झालाय, गेममध्ये काय करता आणि पर्यावरणाबद्दल काय वाटतं असं विचारलं होतं. ठीक आहे, पण एकदाच विचारून कसं कळणार की गेममुळे निसर्ग आवडायला लागला का मुळात निसर्ग आवडणारेच असला गेम घेतात?

उलट 'रेड डेड रिडेम्प्शन २' घ्या, सगळा गोळीबार आणि शिकार, तरी २०२१ च्या एका अभ्यासात तो खेळलेल्या लोकांना अमेरिकेतले खरे प्राणी फोटोवरून इतरांपेक्षा जास्त ओळखता आले. मला तरी नवल नाही वाटलं, कातडं चांगलं हवं तर समोर नक्की कुठला प्राणी आहे ते बघूनच बंदूक निवडावी लागते. आता ओळखता येणं आणि वाचवणं यात फरक आहे, ते सोडा.

'इको' नावाचा गेम मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. उल्का पडायच्या आत ती थांबवणारी टेक्नॉलॉजी उभी करायची, पण त्या नादात जंगल संपवलं तर ते सगळ्यांचंच संपतं, म्हणून खेळाडू मतदान करून कायदे करतात, झाडं किती तोडायची यावर पण लिमिट घालता येतं.

तर पुढच्या लेखात गेममध्ये हिरवळ किती आहे याच्यापेक्षा पॉइंट कशाचे मिळतात ते जरा लिहा. माझे ते टॅरँटुलाचे बेल्स अजून तसेच पडून आहेत, खर्चच झाले नाहीत.

तुमचा एक वाचक