हिस्टनहून आई-बाबांस

तीर्थरूप आई-बाबांस, शि. सा. नमस्कार वि. वि.

मी मजेत आहे. आई, खेड्यात राहते म्हणजे काही रानात राहत नाही. हिस्टन केंब्रिजला लागूनच आहे, आणि शेजारच्या इंपिंग्टनला इतकं चिकटलेलं की वेस कुठली ते नवख्याला कळणार नाही. औषधांचं दुकान, बेकरी, वाचनालय, सगळं पायी. हॉस्पिटलला थेट बस आहे. पूर्वीच्या रेल्वेमार्गाच्या पट्ट्यावर 2011 मध्ये खास बससाठी काँक्रीटची वाट केली. बसच्या पुढच्या चाकांजवळ आडवी छोटी चाकं असतात, ती कडेच्या कठड्याला टेकून धावतात, म्हणून ड्रायव्हरला स्टिअरिंग फिरवावंच लागत नाही. रात्रपाळीहून परतताना गाडीत माणसं असतात. काळजी नको.

बाबा, तुम्ही विचारलंत गाव वाढलं कशावर. जॅमवर! चिव्हर्स घराण्याच्या इथे फळबागा होत्या. 1875 मध्ये त्यांनी स्टेशनाजवळ कारखाना काढला आणि त्यामागून वस्ती आली. पण तुम्हाला दाखवावीशी वाटते ती शाळा. इंपिंग्टन व्हिलेज कॉलेज, 1939 चं. जर्मनी सोडून आलेले ग्रोपियस आणि इथले मॅक्सवेल फ्राय या वास्तुकारांनी आखलेलं, बैठं, भरपूर काचांचं. कल्पना हेन्री मॉरिस या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची: दिवसा मुलं शिकतील, संध्याकाळी त्याच वर्गांत मोठी माणसं, म्हणजे शिकण्यासाठी कुणाला गाव सोडायला नको. झेडपीच्या शाळेत तुम्ही जन्मभर हेच सांगत आलात.

इथली एक रीत मात्र अजून माझ्या पचनी पडलेली नाही. कुणाला घरामागे मोठी खोली वाढवायची असली, तरी त्याची नोटीस रस्त्यावरच्या खांबाला लागते. त्यावर अर्जाचा नंबर, घराचा पत्ता आणि हरकतीची शेवटची तारीख. साधारण 21 दिवस कुणीही लेखी मत द्यावं. उजेड अडतो, गाड्या वाढतील, ही कारणं चालतात. ‘माझ्या खिडकीतलं दृश्य जातं’ किंवा ‘माझ्या घराची किंमत उतरेल’ हे चालत नाही. इथली ग्रामपंचायत म्हणजे पॅरिश कौन्सिल, तीही मत कळवते, पण निर्णय वरच्या कौन्सिलचा. आपल्याकडे भिंत उभी राहिल्यावर भांडण सुरू होतं, इथे वीट यायच्या आधी. केंब्रिजभोवती हरित पट्टा राखलाय, त्यामुळे घरं थोडी आणि भाडं जबर. बसच्या याच वाटेवर नॉर्थस्टो नावाचं दहा हजार घरांचं नवं गाव उभं राहतंय, पण मला तिकडे जायचं नाही. माझी खोली बरी आहे.

भाडं जाऊन उरतं, म्हणून पाठवते. पतपेढीचा हप्ता त्यातून भरा, आणि दादाकडे मागू नका, त्याची मुलं लहान आहेत. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी दादा होता म्हणून निभावलं. मी इथे रोज दुसऱ्यांच्या वडिलांना औषधं देते. डोळ्यांत थेंब डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घाला, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. वहिनीला वेळा लिहून पाठवल्या आहेत.

कराडच्या स्थळाला नाही म्हणत नाही. मुलगा इकडे यायला तयार आहे की मी नोकरी सोडून यावं असं त्यांना वाटतं, एवढं आधी स्पष्ट विचारा, मग फोटो पाठवा. गणपतीच्या रजेचा अर्ज दिलाय. मंजूर होईपर्यंत आजीला काही बोलू नका, ती वाट बघत बसेल.

तुमची,
मनीषा