मांडी मोडायची वाट का पाहायची?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी कळव्यात राहतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात आई बाथरूमच्या उंबऱ्यावर नुसती वळली आणि तिची मांडी मोडली. आधी हाड मोडलं, मग ती खाली कोसळली. चार वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. तोच कॅन्सर मांडीच्या हाडात पसरला होता. दीड महिना ती मांडी ठणकते म्हणत होती. वयाचं दुखणं म्हणून गोळ्या मिळाल्या. एक्स-रे कोणी काढलाच नाही.

मग नऊ दिवस पायाला वजन लावून खाटेवर. हाडाचे डॉक्टर म्हणाले, कॅन्सरवाल्यांकडे न्या. ते म्हणाले, आधी हाडाचं बघा. लघवीचं भांडं सरकवताना कळ मस्तकात जायची, म्हणून आईने पाणी पिणंच सोडलं. ओठांना भेगा पडलेल्या, आणि मी पेला पुढे केला की मान फिरवायची.

दहाव्या दिवशी मांडीत रॉड बसला. तिसऱ्या दिवशी ती वॉकर धरून खिडकीपर्यंत गेली. पुढे रेडिएशन झालं. अकरा महिने जगली. अगदी शेवटचे दिवस सोडले तर आपल्या पायांनी बाथरूमला जात होती.

'शेवटची स्टेज, कशाला कापता' असं आम्हाला किती जणांनी ऐकवलं! साहेब, कॅन्सरने पोखरलेलं हाड प्लास्टरमध्ये सहसा जुळत नाही. रॉड, बोन सिमेंट किंवा कृत्रिम सांध्याचा आधार दिला तर माणूस उठून बसतो. आणि मोडायच्या आधीही ओळखता येतं. जागा, दुखणं, एक्स-रेतलं रूप आणि पोखरण किती, यांवरून १२ पैकी गुण देणारी मिरेल्स या डॉक्टरांची पद्धत १९८९पासून आहे. ९ किंवा जास्त गुण आले की आधीच रॉड घालावा, असं ती सांगते.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सरकारी रुग्णालयांना एवढा लेखी आदेश द्या: कॅन्सर होऊन गेलेल्याचं हाड दुखलं, तर त्याच दिवशी अख्ख्या हाडाचा एक्स-रे. मोडलं, तर हाडाच्या डॉक्टरांनीच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करायचा. टाटाचं कॅन्सर केंद्र खारघरला आहे, पण मोडकी मांडी घेऊन पनवेल लोकलमध्ये कोण चढणार? सल्ला फोनवर मिळू शकतो. तो लागतोच, हाडात एकच गाठ असेल तर आधी तिचा तुकडा तपासावा लागतो, कारण दुसरीकडून पसरलेला नसून हाडातच सुरू झालेला कॅन्सर निघाला तर तो रॉडबरोबर पसरतो.

आईची फाईल माझ्याकडे आहे. बोलवाल तेव्हा घेऊन येतो.

आपला,
कळव्याचा एक रहिवासी