कुठे उतरायचं, कुठे बसून राहायचं

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की प्रिटोरियाहून नामिबियाला जाणाऱ्या त्या गाडीच्या खिडकीतून हत्ती-सिंह दिसतात का. नाही दिसत. एखादं हरीण किंवा शहामृग तारेच्या कुंपणापलीकडे दिसेल, पण मोठी जनावरं बघायला गाडीतून उतरून जीपमध्ये बसावं लागतं. खिडकीतून दिसतं ते वाळवंट, आणि ते बघायला आगगाडीसारखी दुसरी सोय नाही. म्हणूनच सविस्तर लिहितेय. या प्रवासात कुठे उतरायचं आणि कुठे गाडीतच बसून राहायचं हे आधी ठरलेलं असलं, तर बाबांच्या गुडघ्यासकट सगळं नीट पार पडेल.

गाडी रोव्होस रेलची. कंपनी १९८९ पासूनची, प्रिटोरियात कॅपिटल पार्क नावाचं तिचं स्वतःचं स्टेशन आहे. तिथून किंबर्ली, अपिंग्टन, फिश रिव्हर कॅन्यन, विंडहूक, इटोशा असं करत अटलांटिकच्या काठावर वॉल्विस बेला पोचते. सुमारे ३,४०० किमी, नऊ रात्री. उलट दिशेनेही निघते, पण तुम्ही प्रिटोरियाहूनच निघा. कोरडं रान, मग कलहारी, मग नामिबचं वाळवंट आणि शेवटी समुद्र, हा क्रम चढता आहे. उलट आलात तर सगळ्यात भारी गोष्टी पहिल्या तीन दिवसांत संपतात.

आता डबा. ही गाडी १,०६७ मिमी रुंदीच्या रुळांवर धावते. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिमी, माथेरानची ६१० मिमी, म्हणजे ही मधली. रूळ अरुंद आणि डबा मात्र चांगला रुंद आणि उंच, त्यामुळे वेग ६० किमीच्या आत असूनही गाडी डोलते. डेक्कन ओडिसीच्या अंदाजाने गेलात तर पहिल्या रात्री झोप लागणार नाही. बुकिंग करतानाच डब्याच्या मधोमध असलेली खोली मागा. टोकाच्या खोल्या चाकांच्या बरोब्बर वर येतात, तिथे आवाज आणि हेलकावे दोन्ही जास्त. शिवाय खोली जेवणाच्या डब्यापासून दोन-तीन डब्यांच्या आत हवी. दिवसातून सहा वेळा ये-जा होते, आणि दोन डब्यांमधल्या जोडावरची पोलादी पट्टी पायाखाली सरकत असते. तिथे पाय ठेवण्याआधी एक हात पुढच्या डब्याच्या दांड्यावर हवा. आई, तुझ्या हातात त्या वेळी पर्स, चष्मा, काही नको.

खोल्यांचे तीन प्रकार: पुलमन साधारण ७ चौ. मीटर, डिलक्स १०, रॉयल १६. रॉयलमध्ये न्हाणीचा टब असतो, त्यासाठी पैसे घालवू नका. डोलणाऱ्या गाडीत टबाच्या उंच कडेवरून पाय टाकणं हेच गुडघ्याला वाईट. पुलमनमध्ये दिवसाचा सोफा रात्री पलंग होतो, म्हणजे दुपारी आडवं व्हायचं असेल तर अडचण. तुम्हा दोघांना डिलक्सच बरा. पलंग वेगवेगळे मागा, रात्री उठावं लागलं तर दुसऱ्याला ओलांडायला नको.

उतरण्याचं तंत्र बाबांनी घरीच करून बघावं. स्टेशनात फलाट असतो, पण वाळवंटातल्या थांब्यांवर नसतो. लाकडी स्टूल लावतात, तरी शेवटची पायरी उंचच राहते. तोंड डब्याकडे, दोन्ही हात दोन्ही दांड्यांवर, दुखरा पाय आधी खाली. चढताना चांगला पाय आधी वर. जिन्याच्या दोन पायऱ्यांवर चार दिवस सवय केली की झालं.

गाडी उशिरा धावणार हे धरूनच चला. एकेरी मार्ग, मालगाड्यांना वाट द्यावी लागते, आणि दक्षिण आफ्रिकेत तांब्याच्या तारांची चोरी हा रेल्वेचा मोठा त्रास आहे. सिग्नल गेला की गाडी माळावर उभी. म्हणून परतीचं विमान पोचण्याच्या दिवसाचं कधीही घेऊ नका. मध्ये एक अख्खा दिवस स्वाकोपमुंडला ठेवा, वॉल्विस बेपासून तीसेक किमीवर आहे.

किंबर्लीत उतरा. तिथला बिग होल म्हणजे १८७१ ते १९१४ या काळात माणसांनी फावड्या-कुदळींनी हिऱ्यांसाठी खणलेला खड्डा. हाताने खणलेली खोली सुमारे २४० मीटर, बाहेर काढलेली माती सव्वादोन कोटी टन आणि हिरे फक्त २,७२० किलो. बघायला फार चालावं लागत नाही. शहराच्या उत्तरेला कॅम्फर्स डॅम म्हणून पाणथळ आहे, रूळ त्याच्या अगदी कडेने जातात. तिथले रोहित पक्षी शिवडीच्या खाडीत उतरणाऱ्या लहान रोहितांच्याच जातीचे. ते कोणत्या बाजूला दिसतील हे तुमच्या खोलीची व्यवस्था बघणाऱ्या मुलीला सकाळीच विचारून ठेवा.

किंबर्लीनंतर दिवसभर कुठे जायचं नाही. शेवटच्या डब्याला मागे उघडा सज्जा आहे, तिथे बसा. अपिंग्टनच्या आसपास रुळांकडेच्या खांबांवर गवताच्या गंजीएवढे ढीग लटकलेले दिसतील. ती घरटी. आपली सुगरण एका जोडीपुरतं विणते. इथली सुगरण शेकडो पाखरांची चाळ बांधते, पिढ्यान् पिढ्या तीच वापरते. वजन टनभर झालं की खांब वाकतो. खालून बघितलं तर चाळणीसारखी भोकं दिसतात, प्रत्येक भोक म्हणजे एकेक खोली, आणि दारात साप शिरू नये म्हणून काड्यांची टोकं आत वळवलेली. दुर्बीण ८×४२ ची घ्या. १० पटीची डोलत्या गाडीत स्थिर राहत नाही.

अपिंग्टनहून सीमेपलीकडे जाणारा मार्ग १९१४-१५ मध्ये, तेव्हा नामिबियावर राज्य करणाऱ्या जर्मनांविरुद्ध सैन्य नेण्यासाठी घाईघाईने टाकलेला. सीमा नाकोप आणि आरियाम्सफ्लेई इथे, दोन्हीकडे शिक्के मारण्यात बराच वेळ जातो. तेवढ्यासाठी पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नकोत. व्हिसा दोन्ही देशांचा लागतो, आणि इथेच लोक फसतात. तुम्ही दक्षिण आफ्रिकेत शिरता, नामिबियात जाता, आणि परत जोहान्सबर्गमार्गे मुंबईला येता. सिंगल एंट्रीचा व्हिसा तोवर संपलेला असतो. अर्जातच मल्टिपल एंट्री मागा. पासपोर्टमध्ये चार तरी कोरी पानं हवीत. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल आणि तिथे बारा तासांहून जास्त थांबा असेल, तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात. साठीनंतर ती लस सहजासहजी देत नाहीत, त्यामुळे तिकीटच कमी थांब्याचं घ्या.

फिश रिव्हर कॅन्यन १६० किमी लांब आणि खोल जागी ५५० मीटर. गाडीपासून काठापर्यंत खडीच्या रस्त्याने बस जाते. खडीवर आडव्या लाटा पडलेल्या असतात, मागच्या सीटवर कंबर मोडते. बसच्या मधल्या रांगेत बसा, चाकांच्या वर नको. काठावर पोचलात की दहा मिनिटं पुरतात, खाली उतरायचं नाही.

नामिबियातून जाताना एक गोष्ट मनात ठेवून बसा. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन राजवटीने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. किनाऱ्यावरच्या ल्युडरित्झहून आत येणारा रेल्वेमार्ग शार्क बेटावरच्या छळछावणीतल्या कैद्यांनी घातला, त्यात असंख्य मेले. जर्मनीने त्या संहाराला अधिकृतपणे वंशसंहार म्हटलं ते २०२१ साली. त्याच मार्गावर १९०८ मध्ये वाळू उपसताना झकारियास लेवाला या रेल्वे मजुराला हिरा सापडला आणि तो त्याने साहेबाला नेऊन दिला. पुढे हिऱ्यांवर श्रीमंत झाले ते साहेबलोक. स्वाकोपमुंडला गावाच्या कडेला वाळूचे लहान लहान उंचवटे आहेत, त्या हेरेरोंच्या थडग्यांवर नाव नाही. तिथे पाच मिनिटं जाऊन या.

सोसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्या विंडहूकहून लहान विमानाने दाखवतात. त्या विमानात सामान साधारण १० ते १५ किलो, मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग चालत नाही, आणि तुमचं स्वतःचं वजनही विचारतात. तिथल्याच डेडव्लेईत सहा-सातशे वर्षांपूर्वी वाळलेली झाडं अजून उभी आहेत, कारण कुजायला लागणारी ओलच तिथे नाही. पण तिथे जायला एक किमीहून जास्त वाळूतून चालावं लागतं, पाऊल घोट्यापर्यंत रुततं. बाबा, हे तुम्ही करू नका. जीपगाड्या थांबतात तिथे काटेरी बाभळीसारखी मोठी झाडं आहेत, सावलीत बसून समोरची टेकडी बघा. सकाळी आठपर्यंत तिची एक बाजू तांबडी आणि दुसरी काळी असते, मग ऊन वर आलं की सगळं सपाट. आई, तू गेलीस तर मोजे घालून जा आणि पुढच्याच्या पावलांवर पाऊल टाक, दमछाक निम्मी होते.

इटोशा मात्र चुकवू नका, खरी जनावरं इथे. उद्यान २२,२७० चौ. किमी, मधलं मिठागर सुमारे ४,८०० चौ. किमी. जून ते ऑक्टोबर पाऊस नसतो, त्यामुळे जनावरांना पाणवठ्यावर यावंच लागतं. तुम्ही शोधत फिरायचं नाही, पाणवठ्याशी इंजिन बंद करून तासभर थांबायचं. हत्ती तिथे पांढरे दिसतात, चुनखडीची धूळ अंगावर घेतात म्हणून. उद्यानातल्या ओकाउकुएयोच्या मुक्कामात पाणवठ्यावर रात्रभर दिवा असतो. काळा गेंडा बघायचा तर संध्याकाळचं जेवण झाल्यावर शाल घेऊन बाकावर बसा. आपल्या कुनोत २०२२ मध्ये आणलेले पहिले आठ चित्ते नामिबियातूनच आले. वाटेत ओट्जिवारोंगो गाव लागेल, तो चित्त्यांचाच मुलूख. इटोशाच्या बाजूला मलेरिया आहे. कोरड्या दिवसांत धोका कमी, तरी बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची यादी दाखवून डॉक्टरांकडून प्रतिबंधक औषध ठरवून घ्या. ते प्रवासाआधीच सुरू करावं लागतं.

ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर धरा. जुलैत वाळवंटात पहाटे पारा शून्याजवळ जातो आणि दुपारी पंचवीसवर. हवा इतकी कोरडी की तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त येतं. नाकपुडीत बोटाच्या टोकाने खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, रात्री आणि सकाळी. पाणी दिवसाला तीन लिटर, तहान लागली नाही तरी. बाबांची लघवीची गोळी सफारीच्या सकाळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, कारण जीपमधून वाटेत उतरता येत नाही. औषधं दोन जागी विभागून, दोन्ही हातातल्या सामानात, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं नको. विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च आहे ना ते तपासा. वाळवंटात कुठेही बरं वाटेनासं झालं तर विंडहूकच गाठावं लागतं.

चार्जरसाठी महागडा अडाप्टर घेऊ नका. या दोन्ही देशांत जाड तीन गोल पिनांचा प्लग चालतो, म्हणजे आपला गीझरचा १५ अँपिअरचा. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात छोट्या पिनांवरून मोठ्या पिनांवर नेणारा तुकडा मिळतो, दोन आणा. पैसे रँडमध्येच ठेवा. नामिबियाचा डॉलर रँडच्याच भावाचा आणि तिथे रँड चालतो, पण नामिबियाचे डॉलर दक्षिण आफ्रिकेत कोणी घेत नाही.

रात्रीच्या जेवणाला पुरुषांना कोट-टाय लागतोच. बाबा, जोधपुरी चालेल असं धरू नका. आई, तुझ्या सिल्कच्या साड्या उत्तम, फक्त पदर पिन करून छोटा ठेव, दारांच्या कड्यांत अडकतो. फोन खोलीबाहेर वापरता येत नाही. शाकाहारी जेवण बुकिंगलाच लिहून द्या, आणि अंडं चालतं की नाही तेही, नाहीतर तीन दिवस ऑम्लेट येईल. बारमध्ये वाटीत तपकिरी, सुकलेल्या पट्ट्या ठेवलेल्या असतात. आमसुलं किंवा सुकवलेल्या कैऱ्या वाटतात, पण ते बिल्टाँग, सुकवलेलं मांस, बहुधा गाईचं. हात लावू नकोस. मेतकूट बंद पाकिटात आण, पांढरा भात मागितला तर करून देतात. तूप, मध, पेढे, बिया नकोत, तपासणीत काढून घेतात.

वॉल्विस बेला पोचलात की स्वेटर परत घालावा लागेल. समुद्रातून थंड प्रवाह जातो, त्यामुळे सकाळी दाट धुकं येतं आणि वाळवंटात आत शिरतं. टेकडीच्या धारेवर काळे भुंगे डोकं खाली, पाठ वर करून उभे राहतात. धुक्याचे थेंब पाठीवर जमतात आणि ओघळून तोंडात जातात. पाऊस नसलेल्या मुलखात ते असे पाणी पितात. सकाळी नऊच्या आत गेलात तर गुडघे न वाकवताही दिसतील, वाटाड्याला सांगा.

बाबा, दोघांच्या पासपोर्टच्या कोऱ्या पानांचे फोटो आणि औषधांची यादी या आठवड्यात पाठवा. व्हिसाच्या अर्जाला तारीख मिळायला वेळ लागतो, आणि सप्टेंबरच्या मधल्या खोल्या आधी भरतात.

तुमची,
मनू