हॉलमधलं बोचकं

सोलापूर,
१२ मे

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

परवाचा फोन अर्धाच राहिला. "पोरगं रांगायला लागलंय, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, तू काय केलंस?" एवढं तू विचारलंस आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं. पाणी आलं की सोलापुरात फोन, पाहुणे, जेवण सगळं बाजूला राहतं, हे पुण्याला गेलास म्हणून विसरला नसशील. म्हणून आता निवांत लिहितोय.

आमचा हॉल तुला पाठ आहे. दहा बाय चौदा. आत शिरल्यावर डावीकडे अण्णांचा दिवाण, समोर टीव्ही आणि काचेची शोकेस, कोपऱ्यात आईचं शिलाई मशीन. ओवी झाली तेव्हा आम्ही शहाण्यासारखं ठरवलं, की खेळण्यांचा पसारा आतल्या खोलीत. भिंतीवर जिराफ चिकटवला, फोमची रंगीत मॅट अंथरली, टोपल्या मांडल्या. बाईसाहेब तिथे दहा मिनिटं टिकेनात! एकेक खेळणं ओढत हॉलमध्ये आणायची आणि अण्णांच्या पायाशी मांडायची. तिचंच बरोबर होतं. माणसं जिथे बसतात तिथेच पोर खेळणार. आपण तरी कधी आतल्या खोलीत खेळलो का बे?

मग ईशानच्या वेळी मी दुसरं टोक गाठलं. प्लास्टिकचं घडीचं कुंपण आणलं आणि हॉलच्या मधोमध उभं केलं. येणारा-जाणारा त्याला वळसा घालून जायचा. ईशान आतून जाळी धरून रडायचा, ओवी बाहेरून त्याला बिस्किटं पुरवायची. आई एवढंच म्हणाली, "लेकराला कोंडवाड्यात घातलंय की रे." तिसऱ्या दिवशी कुंपण माळ्यावर गेलं. फोमच्या मॅटचंही तेच. पुसताना पाणी खाली झिरपायचं, वास यायचा. आणि उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसला टेकला की पोरं मॅट सोडून शहाबादी फरशीवर उघड्या पोटानं लोळायची.

उत्तर सापडलं ते आपल्या गावातच, चादरीत. आईकडे एक जुनी जेकार्ड चादर होती, पाच फूट बाय साडेसात. तीच दिवाणासमोर अंथरली आणि ओवीला सांगितलं, खेळणी या चादरीवर, चादरीबाहेर गेलेलं खेळणं अण्णांचं. हा नियम तिला लगेच कळला, कारण अण्णा खरोखरच खेळणं उशीखाली दडवतात आणि एका पापीवर परत देतात. रात्री बातम्यांची वेळ झाली, की सगळं मधे लोटायचं, चार टोकं उचलायची, समोरासमोरची टोकं बांधायची. झालं बोचकं. ते दिवाणाखाली ढकललं की हॉल पुन्हा मोठ्या माणसांचा. दोन मिनिटं लागतात. गाठ अण्णाच मारतात. यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवण्यात, हयात गेली त्यांची, दुसऱ्याची गाठ त्यांना पटत नाही.

एक अडचण होती. ओवी पळत आली की चादर फरशीवरून सरकायची, दोनदा तोंडावर आपटली. स्वातीनं पंक्चरच्या दुकानातून सायकलची जुनी ट्यूब आणली, तिचे वीतभर तुकडे कापून चादरीला खालून चार कोपऱ्यांत आणि मधे दोन असे टाचले. आता हलत नाही. पाण्याच्या दिवशी ट्यूबसकटच धुतो.

जागेचा प्रश्न असा सुटला, पण खरा घोर वेगळाच होता. ओवी साडेचार वर्षांची, ईशान दहा महिन्यांचा. तिचे मणी, गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली शिट्टी, भातुकलीतली पळी, हे सगळं त्याच्या तोंडात. खेळण्यांच्या नियमात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक मापाची नळी असते, ३१.७ मिलिमीटर व्यासाची. तिच्यात जे मावतं ते घशात अडकू शकतं, असं धरतात. म्हणजे आपल्या सुताराच्या भाषेत सव्वा इंच. मी सुताराकडून प्लायवूडच्या तुकड्याला सव्वा इंची भोक पाडून आणलं. आडवं, उभं, तिरपं, कसंही घालून जे पार पडेल ते वरच्या फळीवरच्या डब्यात. ओवीला हाच मोठा खेळ झाला. घरभर फिरून तिनं किल्ली, खोडरबर, आजीची कुंकवाची डबी, सगळं त्या भोकातून घालून पाहिलं.

तेव्हाची गोष्ट. अण्णांना टीव्ही बघताना भाजलेले शेंगदाणे लागतात, तुला माहीत आहे. एका संध्याकाळी ईशान दिवाणाखालून निघाला तो गाल फुगवून. स्वातीनं बोट घातलं तर आख्खा दाणा, ओला, साल निघालेला. कोणी काही बोललं नाही. इतक्या लहान पोराला आख्खा दाणा देऊ नये, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि अण्णांनी तो दिला नव्हता, फक्त सांडला होता. थोड्या वेळानं पाहतो तर अण्णा दिवाणावर बसून ते भोकाचं प्लायवूड हातात धरून एकेक दाणा त्यातून खाली टाकतायत. टक्, टक्, वाटीत. दुसऱ्या दिवसापासून दाण्यांची वाटी बाहेर ओट्यावर गेली, आणि अण्णाही. टीव्ही खिडकीतून बघतात. आत या म्हटलं तर म्हणतात, "इथं वारं लई छान आहे." मे महिन्यात, सोलापुरात, वारं!

बाकीचं पटकन सांगतो. चादर अंथरायच्या आधी शोकेस भिंतीला एल-पट्ट्यांनी स्क्रू मारून घे. पोरं कप्प्यांना धरून चढतात आणि कपाट अंगावर येतं. रिमोटच्या आणि वाजणाऱ्या खेळण्यांच्या सेलचं झाकण स्क्रूचं आहे का बघ. चपटा बटण सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते, थांबून बघायचं नसतं, तडक दवाखाना. नवीन खेळणं घेताना आयएसआयची खूण पाहा, २०२१ पासून ती सक्तीची आहे.

आणि फार विकत घेऊ नकोस. स्वातीच्या मावशीनं अंगणवाडीत आयुष्य काढलं. ती आमच्या टोपल्या बघून हसली. म्हणाली, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं होती. तिनंच खेळण्यांचे तीन वाटे करायला लावले. एक बोचक्यात, दोन माळ्यावर, रविवारी अदलाबदल. माळ्यावरून उतरलेलं जुनं खेळणं ओवी नव्यासारखं घेते. मात्र पत्र्याचा डबा आणि दोन चमचे हे कायम बोचक्यात. ते काढले तर ईशान घर डोक्यावर घेतो.

तुझ्या हॉलची मापं टेप लावून कळव, दार कुठल्या बाजूला उघडतं तेही. एक चादर घेऊन ठेवली आहे, पुढच्या आठवड्यात शेजारचे काका पुण्याला येतायत त्यांच्याबरोबर पाठवतो. ट्यूब तू तिथे शोध. वहिनींना नमस्कार, छोट्याला पापा.

तुझाच,
सुहास

ता. क. अण्णा विचारतायत, तुझ्या दिवाणाखाली बोचकं मावेल एवढी जागा आहे ना? नसेल तर पायांखाली विटा घाल, म्हणाले.