उकरून बघू नकोस

खानापूर,
जूनचा पहिला आठवडा

चि. बाळास,
आईचे आशीर्वाद. प्रभूमध्ये सलाम.

परवा फोनवर "आई, शुभवर्तमान सांगत फिरतोय त्याला दोन वर्षं झाली, एकसुद्धा माणूस प्रभूकडे आला नाही" एवढंच बोललास आणि लगेच माझ्या गुडघ्याची चौकशी करायला लागलास. फोन ठेवल्यावर मला झोप आली नाही. तोंडानं बोलायला गेले तर मध्येच रडू येतं, म्हणून लिहायला बसले.

आपल्याकडची धूळवाफ पेरणी आटोपली. कोरड्या मातीत भात पेरून सगळे आभाळाकडे बघत बसलेत. मी सात-आठ वर्षांची असताना तुझ्या आजोबांनी अशीच पेरणी केली होती. मागनं वळवाची एक सर आली. चार दिवस झाले तरी वर काही दिसेना. मी गुपचूप शेतात गेले आणि कुरीच्या ओळीत बोटं घालून माती उकरली. दाणा सापडला. टच्च फुगलेला, टोकाला मोहरीएवढा पांढरा कोंब. मला कोण आनंद झाला! परत पुरून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी तो कोंब सुकून काळा पडला होता. आजोबांनी बघितलं, मारलं नाही. "पेरलं न्हवं आपण? आता उगवायचं काम त्याचं हाय. तू कशाला बोटं घालतीस?" एवढंच म्हणाले.

तू आता तेच करतोयस, बाळा. ज्या घरी जाऊन आलास त्या घरात काय हाललं का, हे रोज बघतोयस.

बायबलातला पेरणाऱ्याचा दाखला सगळ्यांना पाठ असतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या त्याच चौथ्या अध्यायात, थोडं खाली, बियाण्याचाच आणखी एक छोटा दाखला आहे. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजतं, वाढतं; कसं ते त्याला कळत नाही. तो झोपतो, हे प्रभूनंच सांगितलंय. तू झोपतोस का रे नीट?

माझ्या आजीच्या अंगणात एक बायबल बाई यायच्या, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. कुठून यायच्या ते मला माहीत नाही. कट्ट्यावर बसायच्या, पाणी प्यायच्या, शास्त्रातलं काहीतरी वाचून दाखवायच्या. आजी ऐकायची आणि जोंधळे निवडत राहायची. तिनं कधी हो म्हटलं नाही. शेवटपर्यंत नाही. पण त्यांनी दिलेलं योहानाचं छोटं पुस्तक तिनं लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून उतरंडीमागे ठेवलं होतं. ती गेल्यावर ते माझ्या आईच्या हाती लागलं, आणि आईनं ते वाचलं. बायबल बाईंच्या हिशोबात आमचं घर रिकामंच राहिलं असणार. त्या घरातली चौथी पिढी आज निपाणीकडे वस्तीवस्तीनं फिरतेय, हे त्यांना कोण सांगणार?

नारायण वामन टिळकांचंही असंच. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुस्तक देणारा माणूस कोण होता, ते टिळकांनाही कधी कळलं नाही.

आणि इंग्लंडहून आलेले मिशनरी विल्यम कॅरीसाहेब, त्यांचं मला आई म्हणून फार लागतं. १७९३ मध्ये ते बंगालात आले. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, बायकोचं मन त्यातून कधी सावरलं नाही. त्यांच्या मिशनमधले पहिले बंगाली, कृष्ण पाल, यांचा बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरात. सात वर्षं! आणि कॅरीसाहेबांच्याच बंगालातल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. आपल्या बेळगावातही मिशनरी १८२० पासून आहेत, आणि तरी आपण अजून मूठभरच. तुझी दोन वर्षं कमी आहेत, असं मी म्हणत नाही. ती जड असतात, मला माहीत आहे.

पण एका गोष्टीचा मला राग आला, तो लिहिते. "त्या बिडीवाल्या मावशींकडे जाण्यात वर्ष वाया गेलं," असं तू म्हणालास. असं पुन्हा म्हणू नकोस. ती बाई दिवसभर मांडीवर सूप घेऊन पान कापते, तंबाखू भरते, दोरा गुंडाळते, आणि तू गेलास की हातचं काम बाजूला ठेवून चहा टाकते. तिच्या लेकीचं लग्न व्हायचंय. तिनं हो म्हटलं तर उद्या नळावर तिच्याशी कोण बोलेल, भावकीत तिला कोण बसवून घेईल, याचा विचार तू केलास का? तिचा नकार हलका नाही. आणि तिनं जन्मभर नाहीच म्हटलं, तरी तिच्याकडे जायचं. ती तुझ्या वहीतला आकडा नाही.

रेशन किंवा शिलाई मशीन वाटली तर माणसं येतील, असं तुला कुणीतरी सुचवलं म्हणालास. मदत करायची असेल तर जरूर कर, पण आपल्या देवळात, चर्चमध्ये, येण्याशी तिची गाठ घालू नकोस. तसं जमवलेलं माणूस प्रभूचं नसतं, आणि गावाचा आपल्यावरचा विश्वास जातो तो वेगळाच.

मावशींचे सासरे शास्त्र नको, पेपर वाच म्हणतात, याचं तुला वाईट वाटतं. मग पेपर वाच ना! तंबाखूचा दर, ऊसाचं बिल, पाऊस कुठवर आला, सगळं सावकाश वाचून दाखव. डोळ्यांत पडदा आलेल्या माणसाला कुणी तासभर वेळ देतं, ही लहान गोष्ट आहे का? आणि पलीकडच्या घरात कानडी बोलतात, तर कानडी नीट शिक. तू अडखळतोस. त्यांच्याच बोलीत विचारपूस झाली की माणूस मोकळा होतो.

रोज पहाटे उठल्यावर त्या सगळ्यांची नावं घेऊन मी प्रार्थना करते, आता मला ती पाठ झालीत. सासऱ्यांचं नाव मात्र तू सांगितलं नाहीस, मी 'पेपरवाले आजोबा' म्हणते. गुरुवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ना? बरोबर कोण जाणार आहे? मावशींचा दिवस बुडणार असेल तर तूच जा. एसटीनं लसणाची चटणी पाठवलीय मी, अर्धी त्यांच्याकडे दे. आणि आजोबांचं नाव कळव.

तुझी,
आई