माझ्याबरोबर अख्ख्या घराला शिकवणाऱ्या, आमच्या गावच्या आशा स्वयंसेविका ताईंना

प्रिय ताई,

गरोदरपणात काय खा, काय टाळा हे सांगणारी माणसं मला पुष्कळ भेटली. पण ती सगळी मलाच सांगायची. तुम्ही सासूबाईंना सांगितलंत, मुंबईत नोकरीला असलेल्या ह्यांना सांगितलंत, शेजारच्या रिक्षावाल्या काकांनाही सांगितलंत. म्हणून हे आभार सगळ्यांसमोर.

पहिल्याच भेटीत माता-बाल संरक्षण कार्ड तुम्ही सासूबाईंच्या हातात दिलंत. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, असं त्यांच्या मनात होतं. तुम्ही त्यांना तोडून बोलला नाहीत. त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणांची विचारपूस केलीत, चक्कर यायची का, दम लागायचा का, आणि मग सांगितलंत, की हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय, आणि अशा अंगाला बाळंतपणातला रक्तस्राव झेपत नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, निदान 180 दिवस. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, आवळा नाहीतर लिंबू खाण्यात असू दे, शौचाला काळं झालं तर घाबरू नका. तेव्हापासून गोळीच्या वेळी चहाचा कप सासूबाईच माझ्यापुढून उचलायच्या. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, तारल्या, असं परसात आणि बंदरावर मिळणारंच तुम्ही खायला सांगितलंत, हेही त्यांना फार पटलं.

हे शिमग्याला आले, तेव्हा पालखीच्या गडबडीतही तुम्ही घरी आलात. आमच्याकडे बापये अशा बोलण्यात बसत नाहीत. तुम्ही ह्यांना बसवलंत आणि विचारलंत: वाडीत गाडी येत नाही, मग रात्री हिला पाखाडीवरून खाली कोण नेणार? रक्त लागलं तर कोण देणार, त्यांचे रक्तगट माहीत आहेत का? चार पोरांची नावं आणि फोन नंबर तिथेच कागदावर उतरले. धोक्याची लक्षणं तुम्ही ह्यांच्याकडून म्हणून घेतलीत: अंगावरून रक्त जाणं, तोंडा-हातांवर सूज, थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, ताप, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून मोफत आहे, हे ह्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांची निम्मी काळजी तिथेच मिटली. पुढे दर महिन्याच्या 9 तारखेच्या तपासणीची आठवण मुंबईहून तेच करून द्यायचे.

आषाढातल्या त्या रात्री माझं डोकं फुटायला आलं आणि नीट दिसेना, तेव्हा मी झोपून बघते म्हणाले. सासूबाईंनी ऐकलंच नाही. "ताईन सांगल्यान ना, डोळ्यांफुडे काळोख इलो तर वाट बघुची नाय," म्हणत त्यांनी 108 ला फोन लावायला लावला. ह्यांनी तिकडून त्या चार पोरांना उठवलं. धो धो पावसात खुर्चीत बसवून त्यांनी मला रस्त्यापर्यंत नेलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब फार चढलेला निघाला. झटके येऊ नयेत म्हणून तिथेच इंजेक्शन देऊन मला कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात हलवलं, आणि तिथे आमची लेक जन्मली. त्या रात्री घरात कोणी कोणाला पटवत बसलं नाही. पटवण्याचं काम तुम्ही आधीच करून ठेवलं होतं. ते एकट्या मला ठाऊक असतं तर मी खरंच झोपून राहिले असते.

चिकाच्या दुधाचंही तसंच. मध चाटवायला आलेल्या आत्याबाईंना सासूबाईंनीच थांबवलं.

माझ्या मते हे असं बोलणं प्रत्येक घरात, होणाऱ्या बापाला समोर बसवून, व्हायला हवं, आणि त्याचा वेगळा मोबदला आशांना मिळायला हवा. सरपंचांना मी हे सांगितलं आहे, ग्रामसभेतही सांगणार आहे.

जाऊबाईंना तिसरा महिना लागलाय. सोमवारी नाव नोंदवायला सासूबाई त्यांना घेऊन येतायत. भावजी गणपतीला येतील, तेव्हा त्यांच्यासाठी वेळ ठेवा.

तुमची,
खालच्या वाडीतली सूनबाई